हातचा आणि ताळा

फेब्रुवारीतला हा रविवार दरवर्षी येतो आणि दरवर्षी तो थोडा लवकर उजाडतो. आंब्याला मोहोर आलेला असतो, पहाटेचा गारवा पुरता ओसरलेला नसतो, आणि एरवी सुट्टीच्या दिवशी उन्हे अंगावर येईपर्यंत लोळणारी घरे सहालाच जागी झालेली असतात. देवापाशी निरांजन तेवत असते. ओट्यावर पोळीभाजीचा डबा भरला जात असतो, प्रवेशपत्र प्लास्टिकच्या पाकिटात सरकवले जात असते, दोन काळी बॉलपेने जुन्या वर्तमानपत्राच्या कडेला रेघोट्या मारून तपासली जात असतात. निघताना आजी तळहातावर दही-साखर ठेवते आणि म्हणते, ‘‘घाई करू नको हो. नीट वाच, मग लिही.’’ आपल्या आजीनेही आपल्याला हेच सांगितले होते. आपण तेव्हा मान हलवली होती आणि घाई केली होती.

शिष्यवृत्ती परीक्षेचा हा रविवार. आपल्यापैकी पुष्कळांनी तो चौथीत किंवा सातवीत, परक्या शाळेच्या अनोळखी बाकावर बसून अनुभवला. २०१६-१७ पासून ही परीक्षा पाचवी-आठवीकडे गेली आणि तोच रविवार आपण फाटकाबाहेर उभे राहून अनुभवू लागलो. इयत्तांची अदलाबदल शासनदरबारी होत राहते, रविवारचा चेहरा मात्र तोच राहतो. पहिल्या पेपरात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. प्रत्येक पेपरात पंचाहत्तर प्रश्न, दीडशे गुण आणि दीड तास. पहिल्या पेपरातले पन्नास प्रश्न आणि शंभर गुण एकट्या गणिताचे. वह्यांची वर्षपूजा आपण दिवाळीत करतो, पाटीची दसऱ्याला. पण घराघरातला खरा हिशेब मांडला जातो तो बहुधा या दिवशी, दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीत, शाळेच्या आवारातल्या एखाद्या पिंपळाखाली.

साडेबाराची घंटा होते. मुले बाहेर येतात. आणि डबा उघडण्याआधी प्रश्नपत्रिका उघडली जाते.

गेल्या वर्षी अशाच एका झाडाखाली पाहिलेले दृश्य मनातून जात नाही. पाचवीतली मुलगी, सतरंजीच्या कोपऱ्यावर मांडी घालून बसलेली. वडिलांच्या हातात प्रश्नपत्रिका आणि शिसपेन्सिल. प्रश्न साधा होता: २ मीटर ५ सेंटीमीटर लांबीच्या दोरीचे पाच सारखे तुकडे केले, तर एक तुकडा किती सेंटीमीटरचा? मुलीने पन्नास हे उत्तर रंगवले होते. वडिलांनी पेन्सिल टेकवली. ‘‘अगं, दोन मीटर पाच सेंटीमीटर म्हणजे किती?’’ मुलगी क्षणभर थांबून म्हणाली, ‘‘दोनशे पाच.’’ ‘‘मग? एक्केचाळीस येतं ना? हे तुला येत होतं की!’’ ‘‘येत होतं, बाबा.’’ ‘‘मग चुकलं कसं?’’ या प्रश्नाला मात्र चार पर्याय नव्हते. मुलगी डब्याच्या झाकणाकडे पाहत राहिली. दोन वाजता तिला दुसरा पेपर होता.

येत होते तरी चुकले. परीक्षेच्या दिवसांत मराठी घरांत हे वाक्य जितक्या वेळा उच्चारले जाते तितके क्वचितच दुसरे कुठले उच्चारले जात असेल. न येणाऱ्या गणिताचे दुःख असे नसते. ते सोडून देता येते, पुढल्या वर्षावर टाकता येते. येणारे चुकले की ते रात्री अंथरुणात परत येते. या चुकीला आपण हल्ली सरसकट ‘सिली मिस्टेक’ म्हणतो आणि त्यावर बोलायचे टाळतो. आपल्या जुन्या माणसांकडे तिच्यासाठी बरेच शब्द होते: नजरचूक, अनवधान, घिसाडघाई, वेंधळेपणा, धांदरटपणा. यातला पहिला शब्द त्या एका क्षणापुरता डोळ्याला दोष देतो, शेवटचा मात्र पोराच्या पाठीला कायमचा चिकटतो. पिंपळाखाली बसल्यावर आपण कोणता उचलतो, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

त्या मुलीच्या प्रश्नाकडे जरा परत जाऊ. पर्यायांत एक्केचाळीस होते, पन्नास होते आणि पाचही होते. पन्नास कुठून आले? दोन मीटर पाच सेंटीमीटरचे दोनशे पन्नास केले की भागाकार पन्नास येतो. पाच कुठून आले? दोन आणि पाच शेजारी मांडून पंचवीस केले की पाच येतात. म्हणजे मुलीने वाट चुकून जिथे पाऊल टाकले, तिथे प्रश्न काढणाऱ्याने आधीच एक वर्तुळ आखून ठेवले होते. बहुपर्यायी प्रश्न काढण्याची कला म्हणतात ती हीच. चुकीचे पर्याय उगाच टाकलेले नसतात. कुठे हातचा विसरेल, कुठे व्यासाऐवजी त्रिज्या घेतली जाईल, कुठे विक्रीची किंमत विचारली असताना नफ्याशीच पोर थबकेल, याचा अदमास घेऊन ते मांडलेले असतात. त्यामुळेच चुकलेले उत्तर पर्यायांत सापडले की मुलाला वाटते, आले! वहीत गणित सोडवताना चुकीचे उत्तर निदान विचित्र तरी दिसते. इथे ते छापील रूपात, क्रमांक लावून, ओळखीचे हसत समोर उभे असते.

अशा चुकांना पत्ते असतात. त्या वाऱ्यावर येत नाहीत. आणि काही पत्ते तर थेट आपल्या भाषेतले आहेत, ज्यांच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. ‘खालीलपैकी कोणती संख्या मूळसंख्या नाही?’ हे वाक्य पाहा. मराठीत नकार वाक्याच्या शेपटाशी बसतो. घाईत असलेला डोळा ‘मूळसंख्या’ या ओळखीच्या शब्दाशी पोहोचला की त्याला वाटते, समजले. खाली ४१, ४३, ४७, ४९ असे पर्याय असतात. ४१ मूळ आहे, हे त्याला झोपेतही ठाऊक असते. वर्तुळ रंगते आणि ‘नाही’ बिचारा प्रश्नचिन्हाशेजारी तसाच राहतो. गणित येत होतेच, वाक्य शेवटपर्यंत वाचायचे राहिले. एका जुन्या शिक्षकांची सवय आठवते. ते प्रश्न आधी शेवटच्या शब्दापासून वाचायला लावत. आधी काय विचारले आहे ते, मग काय दिले आहे ते. मुलांना गंमत वाटे, आणि त्या गमतीत ‘नाही’ सुटत नसे.

दुसरा पत्ता आकड्यांच्या नावांचा. ‘सत्तावीस’ म्हणताना आपण सात आधी उच्चारतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो. जीभ एका दिशेने जाते, हात दुसऱ्या. मोठ्यांना हे जाणवत नाही, कारण आपण ती कसरत कधीच अंगवळणी पाडून घेतली आहे. पण मनातल्या मनात पुटपुटत बेरीज करणाऱ्या पोराच्या कागदावर सत्तावीसचे बहात्तर होताना डोळ्यांदेखत दिसते. त्यात पुन्हा ‘एकोण’ची घराणी. एकोणसाठ म्हटले की कानात साठ घुमतो, आणि हात साठीतला नऊ, म्हणजे एकोणसत्तर, लिहून मोकळा होतो. २०१९ साली दुसरीच्या पाठ्यपुस्तकात ‘वीस सात’ अशी, लिहिण्याच्या क्रमाने संख्या वाचायची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! विनोदांना ऊत आला, विधिमंडळापर्यंत वाद गेला. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या, की लहान मुलांची जी अडचण होते ती दूर करण्यासाठी हे आहे. आपली संख्यानामे सोडावीत असे या लेखणीलाही वाटत नाही. पावकी, निमकी, दीडकी, औटकी या पाढ्यांचा नाद ज्या कानांनी ऐकला ते असे कसे म्हणतील? पण त्या वादात मुलाच्या अडखळण्याकडे आपण जेवढे पाहिले त्याहून अधिक आपल्या अभिमानाकडे पाहिले, हे मान्य करायला आता हरकत नसावी.

देवनागरी चार आणि इंग्रजी आठ यांचे रूपसाम्य, घाईत लिहिलेले एक आणि नऊ, ही त्याच गल्लीतली घरे. आणि एक पत्ता आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावरचा. चार हजारांतून एकोणीसशे अठ्ठ्याण्णव वजा करायचे, तर शाळेत बाई सांगतात दशक सुटा कर, शतक सुटे कर. रात्री बाबा सांगतात खालच्या अंकात हातचा मिळव. दोन्ही रीती बरोबर आहेत. अर्धे गणित एका रीतीने आणि अर्धे दुसरीने केले की मात्र जे होते ते परीक्षेत दिसते. मग बाई म्हणतात घरी लक्ष देत नाहीत, घरचे म्हणतात शाळेत शिकवत नाहीत. पोर दोघांचेही ऐकत असते, हीच त्याची अडचण. वास्तविक किराणा दुकानदाराला हे विचारले तर तो काहीच वजा करत नाही. अठ्ठ्याण्णवचे शंभर व्हायला दोन, आणि दोन हजारांचे चार हजार व्हायला दोन हजार. झाले, दोन हजार दोन.

उत्तरपत्रिकेचाही एक खड्डा आहेच. एकतिसावा प्रश्न अवघड वाटला म्हणून सोडला, बत्तिसाव्याचे उत्तर एकतिसाव्या ओळीत रंगवले, आणि तिथून पुढची सगळी रांग एक घर सरकली. एकदा पेनने रंगवलेले वर्तुळ परत येत नाही. आठवीच्या परीक्षेत काही प्रश्नांना दोन अचूक पर्याय असतात. तिथे एक सापडला की हर्षाने पुढे धावणारी मुले दुसरे वर्तुळ मोकळेच ठेवतात. यावर उपाय साधा आहे, पाच-पाच प्रश्नांगणिक क्रमांकावर बोट ठेवून पाहणे, आणि तो बहुतेकांना सांगितलेलाही असतो. त्यापाशी रेंगाळायला नको.

रेंगाळायचे असेल तर वेळेपाशी. दीड तासात पंचाहत्तर प्रश्न म्हणजे प्रश्नामागे बहात्तर सेकंद. त्यात वाचायचे, कच्चे काम करायचे, पर्याय शोधायचा, ओळ शोधायची, वर्तुळ काठोकाठ भरायचे. पुढे बारावीनंतरच्या सीईटीत गणिताच्या पन्नास प्रश्नांना नव्वद मिनिटे, प्रत्येकाला दोन गुण. तिथे चुकल्याचे गुण कापत नाहीत, म्हणून रिकामे सोडलेले वर्तुळ हीच एक निष्काळजी चूक ठरते. उलट जेईई मेनमध्ये बरोबर उत्तराला चार आणि चुकीच्याला उणे एक. म्हणजे येत असलेले गणित चिन्हाच्या घोळात गेले तर फटका चार गुणांचा बसत नाही, पाचांचा बसतो. हे सगळे शिकवणीवर्गांना तोंडपाठ असते आणि म्हणून तिथे वेग शिकवला जातो. युक्त्या, आडवाटा, तीन ओळींचे एका ओळीत. वेग वाईट नाही. पण घाटात दर दोन वळणांवर रंगवलेली ‘अति घाई संकटात नेई’ ही पाटी आपण गाडीतून मुलाला वाचून दाखवतो, आणि घरी आल्यावर त्याच्या हातात स्टॉपवॉच देतो.

शिवाय आणखी एक गोष्ट या वर्तुळांनी आपल्याकडून काढून घेतली. दहावीच्या गणिताच्या दोन भागांत, चाळीस-चाळीस गुणांच्या त्या पेपरांत, आजही पायरीला गुण असतो. रीत बरोबर, सूत्र बरोबर, शेवटच्या ओळीत उणे चिन्ह निसटले, तर तपासणारे शिक्षक लाल पेनने तिथे गोल करतात, अर्धा गुण कापतात आणि पुढे जातात. त्या लाल गोलात एक माणूसपण असते: तुला येते आहे, एवढे इथे बघ. यंत्राला कच्चे काम दिसत नाही. त्याला फक्त काळे वर्तुळ दिसते. पूर्वी ज्या ममत्वाने शिक्षक कच्च्या कामाकडे पाहत, त्या ममत्वाने पाहणारे आता दुसरे कोणी उरले असेल तर ते घरचे. आणि आपण तर मधल्या सुट्टीत फक्त उत्तरे जुळवत बसलेलो असतो.

याच ठिकाणी एक शब्द आठवतो. ताळा. आपल्या आजोबांच्या पिढीत गणित संपले की उत्तर येई आणि उत्तर आले तरी गणित संपत नसे. ‘ताळा पाहिलास का?’ हा मास्तरांचा पुढचा प्रश्न ठरलेला. भागाकार केला तर भाजक आणि भागाकार यांच्या गुणाकारात बाकी मिळवून भाज्य परत येतो का पाहायचे. वजाबाकी केली तर बेरजेने. ताळा, ताळमेळ, ताळेबंद, पडताळा, ताळ्यावर येणे; ही सगळी कानाला एकाच घरातली भावंडे वाटतात. वर्षाअखेर दुकानाचा ताळेबंद होई आणि वात्रट पोराला ताळ्यावर आणले जाई. हा शब्द वर्गातून केव्हा उठून गेला ते आपल्याला कळलेही नाही. त्याच्या जागी ‘चेक कर’ आले. आणि चेक करणे म्हणजे वरून खाली एकवार नजर फिरवणे, इतकाच अर्थ उरला.

नवाचा ताळा तर अद्भुत होता. ३४७ गुणिले २६ बरोबर ९०२२. आता अंकांची बेरीज करत एका अंकावर या: तीन, चार, सात चौदा, म्हणजे पाच. दोन आणि सहा, आठ. पाच आठे चाळीस, म्हणजे चार. तिकडे नऊ, शून्य, दोन, दोन तेरा, म्हणजे चार. जुळले. दहा सेकंदांचे काम. दहाव्या शतकाच्या सुमाराचा दुसरा आर्यभट आपल्या ‘महासिद्धान्त’ या ग्रंथात अशी पारख सांगतो, इतकी ती जुनी आहे. मात्र या ताळ्याला एक आंधळा कोपरा आहे आणि तो सांगितल्याशिवाय ताळा शिकवणे बरोबर नाही: ९०२२ च्या जागी ९२०२ लिहिले तरी अंकांची बेरीज तीच राहते, ताळा जुळतो आणि चूक मजेत निसटते. गंमत अशी, की पेढीवरच्या मुनीमांनी नेमक्या या आंधळ्या कोपऱ्याचाच दिवा केला होता. संध्याकाळी रोजमेळ बसला नाही, जमा आणि नावे यांत पंचेचाळीसचा फरक आला, तर ते आधी पाहत की फरक नवाने नि:शेष भागला जातो का. जात असेल तर कुठेतरी अंक उलटे पडले असावेत. सत्तावीसचे बहात्तर झाले असतील, तिथे शोधा. जी चूक पोराच्या हातून झाली की आपण त्याला धांदरट म्हणतो, तीच चूक पेढीवर इतकी नेहमीची होती, की तिला शोधायची रीतच बसून गेली होती. मुनीमाला कोणी सिली म्हटले नाही. त्याने दिव्याची वात पुढे सारली आणि पुन्हा बसला.

भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘लीलावती’त व्यस्तविधी आहे. शेवटच्या संख्येपासून उलटे निघायचे. गुणले असेल तिथे भागायचे, मिळवले असेल तिथे वजा करायचे, वर्ग केला असेल तिथे मूळ काढायचे, आणि मूळ संख्येपाशी पोहोचायचे. अज्ञात संख्या शोधण्याची ही रीत. पण आलेले उत्तर तपासायलाही तिच्यासारखी दुसरी नाही. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. दूर कुठली नाही, आपल्या खानदेशातली ही गोष्ट. उलट वाटेने घरी येऊन पाहायचे, हे आपल्याच मातीत आठशे-नऊशे वर्षांपूर्वी शिकवले जात होते.

आणि उलट वाटेचे, म्हणजे दुसऱ्या वाटेचे, महत्त्व कळण्यासाठी एका इंग्रज गृहस्थाची हकिगत ऐकण्याजोगी आहे. विल्यम शँक्स हे एक शाळा चालवत. फावल्या वेळात, कागद आणि लेखणी घेऊन, त्यांनी ‘पाय’ची (π) किंमत काढायचा ध्यास घेतला आणि १८७३ साली दशांशचिन्हापुढे ७०७ स्थळे प्रसिद्ध केली. सकाळी आकडेमोड करायची आणि दुपारी सकाळचे काम तपासायचे, असा त्यांचा नेम होता म्हणतात. म्हणजे हा काही निष्काळजी मनुष्य नव्हे. पुढे पॅरिसच्या एका विज्ञान संग्रहालयातल्या गोल दालनात त्यांचे आकडे भिंतीवर लावले गेले. १९४० च्या दशकात फर्ग्युसन नावाच्या गणितज्ञाने वेगळ्या सूत्राने तीच किंमत काढायला घेतली, तेव्हा ५२८ व्या स्थळापासून पुढे शँक्स चुकल्याचे दिसले. सत्तर वर्षे ती चूक तशीच राहिली होती. संग्रहालयाने भिंतीवरचे आकडे १९४९ साली दुरुस्त केले. शँक्स रोज दुपारी तपासत होते. पण त्याच डोळ्यांनी, त्याच वाटेने. ज्या खड्ड्यात सकाळी पाय गेला, तो दुपारी रस्त्याचाच भाग वाटू लागतो. फर्ग्युसनांना खड्डा दिसला, कारण ते दुसऱ्या रस्त्याने आले.

मुलाला आपण ‘पुन्हा एकदा बघ’ म्हणतो तेव्हा त्याला शँक्सच्या वाटेवर पाठवत असतो. तो बघतो, त्याला सगळे बरोबरच दिसते, आणि तो खोटे बोलत नसतो. दोरीच्या त्या मुलीला पन्नासला पाचाने गुणून दोनशे पन्नास आणि मग ‘म्हणजे अडीच मीटर’ एवढे म्हणता आले असते, तर तिची तीच हसली असती. दोरी दोन मीटरांपेक्षा जेमतेम चार बोटे लांब होती, हे तिला दिसले असते. आधी अदमास, मग गणित, मग उलट्या वाटेने ताळा. हे बहात्तर सेकंदांत बसत नाही, अशी तक्रार कोणी करेल, आणि ती खरीच आहे. म्हणूनच काही तरी राखून ठेवावे लागते. मराठीत बेरजेतला हातचा आणि राखून ठेवलेला हातचा एकच आहे, हे किती बरे आहे! चार-पाच अवघड प्रश्नांचा मोह सोडून शेवटची दहा मिनिटे हातची ठेवणारे मूल आणि पंचाहत्तराव्या प्रश्नावर घंटेबरोबर धापा टाकत पोहोचणारे मूल, यांपैकी आपल्या घरात कौतुक कोणाचे होते? ‘सगळा पेपर सोडवला ना?’ हा आपला पहिला प्रश्न असतो. ‘ताळ्याला वेळ उरला का?’ असे विचारणारे घर अजून पाहण्यात नाही.

आपल्यालाही हे कोणी विचारत नाही, हा भाग वेगळा. वीजबिल न वाचता भरणारे, औषधाच्या बाटलीवरचा चमचा की मिलिलिटर हे न पाहता ओतणारे, आलेला निरोप शेवटपर्यंत न वाचता दहा जणांना पुढे ढकलणारे आपण, पोराने प्रश्नातला ‘नाही’ वाचला नाही म्हणून पिंपळाखाली संतापतो. मार्च तोंडावर आला आहे. कचेऱ्यांत आणि दुकानांत ताळेबंदाची लगबग सुरू होईल, पाठोपाठ गुढीपाडवा येईल, पंचांग बदलेल. त्या आधीच्या या रविवारी घरात एक पातळ शंभर पानी वही आणता येईल. तिच्यात चुकलेले गणित उतरवायचे नाही, फक्त चुकीचा पत्ता लिहायचा: ‘नाही’ सुटला, मीटरचे सेंटीमीटर करताना शून्य सरकले, एकोणसाठचे एकोणसत्तर झाले. पाचसहा पाने भरली की दिसू लागते, की आपले पोर शंभर ठिकाणी चुकत नाही, तीन-चार ठिकाणीच पुन्हा पुन्हा चुकते. त्याच वहीच्या मागच्या पानापासून आईबाबांनीही आपल्या चुका लिहायला हरकत नाही. एका परिचित घरात असे चालले होते; त्या वहीत बाबांची पाने आधी संपली.

आणि मधल्या सुट्टीत प्रश्नपत्रिका पिशवीच्या तळाशी गेली तर फार बरे. साडेबारा ते दोन हा वेळ जेवणाचा, पाण्याचा आणि पिंपळाच्या पारावर पाय हलवत बसण्याचा असतो. रंगवलेले वर्तुळ आता देवालाही पुसता येत नाही, आणि पुढचे पंचाहत्तर प्रश्न अजून कोरे असतात.

गेल्या वर्षीच्या त्या मुलीचे पुढे काय झाले, निकाल काय लागला, ते कळायला मार्ग नाही. साडेतीनला ती बाहेर आली तेव्हा मात्र वडिलांच्या हातात प्रश्नपत्रिका नव्हती. फाटकाशेजारी रसवंतीची गाडी लागली होती, घुंगरांचा तो ठरलेला नाद करत चरक फिरत होता. घरच्या तिघांनी रस घेतला. वीसचा एक, तिघांचे साठ. वडिलांनी शंभराची नोट दिली. रसवाल्याने ओला हात गमछ्याला पुसला आणि मुलीच्या तळहातावर एकेक नोट ठेवत मोजू लागला, जसे सगळेच मोजतात, पुढे चढत. ‘‘हे साठ झाले. सत्तर.’’ दहाची नोट. ‘‘नव्वद.’’ विसाची. मुलीचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. शेवटची दहाची नोट त्याच्या बोटांतून सुटायच्या आत ती म्हणाली, ‘‘शंभर.’’